बाईंनी हात न लावलेली चित्रं

आदरणीय नलिनी पाठक बाई या महिन्यात पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या कलेविषयी या गौरवग्रंथात जाणकार लिहितीलच. मी साखऱ्याजवळच्या तांड्यावरची, त्यांची विद्यार्थिनी. बाई पुन्हा चित्र काढतील की नाही, ही काळजी गेले वर्षभर आम्हा सगळ्यांना होती, म्हणून त्याविषयीच लिहिते.

सहावीत मी प्रथम त्यांच्या तासाला बसले. त्याच वर्षी आई गेली होती आणि मी वर्गात कुणाशी बोलत नव्हते. बाईंनी 'आपलं घर' हा विषय दिला. माझ्याकडे रंग नव्हते. घरून आणलेली हळद पाण्यात कालवून मी सगळा कागद पिवळा केला. आई हळद शिजवायच्या कामावर जायची, हंगामभर तिचे हात तसेच असायचे. मग नळावर हात धुतले आणि साबणाचे ओले हात तसेच कागदावर टेकवले. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण मी विसरले. कागदावर लाल बोटं उमटली. पोरी हसल्या, मला रडू फुटलं.

"बाई, बिघडलं. दुसरा कागद द्या न."

"थांब. हे हात कुणाचे आहेत?"

"याडीचे," मी म्हणाले. आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात. कामावरून येऊन साबण लावला की तिचेही हात असेच लाल व्हायचे. त्यानंतर मी बाईंशी बोलतच सुटले. तो कागद बाईंनी वर्गाच्या भिंतीवर लावला.

मुलांच्या चित्राला आपली पेन्सिल लावायची नाही, हा बाईंचा नेम. एकदा एक पालक तक्रार घेऊन आले. "बाई, लेकराचा बैल घोड्यावानी दिसून राहिला. जरा नीट करून द्या की."

"त्याच्या मनातला बैल मला दिसत नाही. मी काय नीट करू?" बाई म्हणाल्या. पालक पुटपुटत गेले.

बाबा ऊसतोडीला गेले की बाई मला हंगामभर स्वतःच्या घरी ठेवून घेत. त्यांच्या हातची भाजी अळणी असते, हेही या ग्रंथात नोंदवून ठेवते. पण त्या घरात मला कधी परकं वाटलं नाही.

गेल्या वर्षी बाईंना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला. त्यांनी कुंचले वाटून टाकले. मी आता हिंगोलीत चित्रकला शिकवते. दर रविवारी बाईंकडे जायचे, टेबलावर कोरा कागद आणि पेन्सिल ठेवायचे. बाई तिकडे बघायच्याही नाहीत. मला फार वाईट वाटायचं.

मागच्या महिन्यात त्यांनी डाव्या हाताने पेन्सिल धरली. रेघ थरथरत कुठल्या कुठे गेली. कागद माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "बिघडलं गं. जरा नीट करून दे."

माझा हात पेन्सिलीकडे गेला होता. मी तो मागे घेतला.

"बाई, तुमच्या मनातलं मला न्हाई दिसत. मी काय नीट करू?"

बाई रागाने बघत राहिल्या. मग हसू आलं त्यांना, आणि कागद त्यांनी परत ओढून घेतला.

बाई, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. कागद लागतील तेवढे मी आणून देईन. हात मात्र लावणार नाही.