डाव्या हाताची मूठ

संमेलन म्हटलं की आजही माझी कंबर आधी दुखायला लागते, मग डोकं. आयुष्यात एकाच संमेलनाला गेलो, पण तेवढ्यात पुरता धडा मिळाला. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. मी हिंगणीच्या सूतकताई केंद्रात सुतार होतो. चरखे बनवायचे, बिघडले की दुरुस्त करायचे आणि जमलं तर सुधारायचे, हे काम. आमच्यासारख्या चरखा सुधारणाऱ्या मिस्त्र्यांचं दोन दिवसांचं संमेलन वर्ध्याला भरणार, आणि येताना प्रत्येकाने आपला नवा चरखा परीक्षेसाठी आणायचा, असं पत्र आलं.

माझा चरखा तयार होता. चार चात्यांचा, म्हणजे एका फेऱ्यात चार धागे काढणारा. इतरांच्या चरख्याची मूठ उजवीकडे असते. माझी डावीकडे होती. मूठ फिरवायला अक्कल लागत नाही, तुटलेला धागा जोडायला लागते, तेव्हा हुशार हात मोकळा राहू द्या, असा माझा सिद्धांत. त्याचा मला भारी अभिमान होता. परीक्षेत चरखा पास झाला, तर त्याच बेताचे चरखे जिल्हाभर बनणार होते. खोटं कशाला बोलू, मला दुसरं काहीच नको होतं.

वर्षभर तो चरखा माझ्या बायकोने चालवून पाहिला होता. ती कातायची, मी समोर रंधा घेऊन बसायचो. ती जी काही कुरकुर करील ती मी वहीत उतरवायचो आणि दुसऱ्या दिवशी लाकडात दुरुस्ती करायचो. त्या वहीला मी पोटच्या पोरासारखं जपत असे.

सेलूपर्यंत बैलगाडी, पुढे मोटार. टपावर चरखा आणि खाली मी, दोघंही खिळखिळे झालो. वर्ध्याला पोचलो तर मांडवात भाषणं सुरू. सगळी हिंदीत, सगळी लांब. ज्यांनी उभ्या जन्मात पटाशी हातात धरली नाही, ते आम्हाला लाकडाचं महत्त्व सांगत होते. भाषण संपलं की आभार, आभार संपले की आभारांचे आभार. पहिला दिवस असा गेला. शेजारी गिरडकडचा एक म्हातारा मिस्त्री बसला होता. तो बसल्या बसल्या झोपायचा आणि टाळ्यांच्या वेळी बरोबर जागा व्हायचा. मी त्याला विचारलं, हे कसं जमतं. तो म्हणाला, "लय संमेलनं पाह्यले बाबू. तू बी शिकशीन."

दुसऱ्या दिवशी परीक्षा. नियम असा, की मिस्त्र्याने स्वतः किंवा त्याच्या घरच्यांनी चरखा चालवायचा नाही. केंद्राकेंद्रांतून आणलेल्या कातणाऱ्या बाया बसणार, प्रत्येक चरख्यावर अर्धा तास. नियम चांगलाच होता. घरच्या माणसाला चरख्याच्या खोडी पाठ असतात.

माझ्या चरख्यावर आधी एक तरुण बाई बसली. तिचा हात मुठीकडे जायचा तो उजवीकडे, तिथे काही नाही म्हटल्यावर ती हसायची. डाव्या हाताने फिरवायला लागली तर फेरा धक्क्याधक्क्याने येई आणि चारही धागे तटातट तुटत. मी मनात म्हटलं, हिला सवय नाही. दुसरी बसली. तेच. तिसरी तर दहा मिनिटांत दंड चोळत उठली. परीक्षक कागदावर काहीतरी लिहीत होते आणि मी घामाने भिजलो होतो. सिद्धांत सांगायला पुढे झालो, पण ऐकायला कोणाला वेळ नव्हता.

बायांवर देखरेख करणारी एक वयस्क बाई होती. तिने मूठ दोनदा फिरवून पाहिली आणि मला विचारलं, "घरची डावखोरी हाय का?"

"नाई."

"मंग तिचा उजवा हात दुखत असंन. मूठ अशी आपोआप नाई सरकत, मिस्तरी."

मला राग आला. मी तिला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. परीक्षकांनी चरख्याला चिठ्ठी चिकटवली, 'सर्वसाधारण वापरास अयोग्य', आणि आभार सुरू झाले.

परतीच्या वाटेवर अंग आंबून गेलं होतं. गाडीत झोप येईल म्हटलं तर ती बाई काही डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो. बायको अंगणात तूर पाखडत होती. सूप डाव्या हातात होतं, उजवा नुसता टेकलेला. मी चरखा उतरवायच्या आधीच विचारलं, "तुहा उजवा हात दुखते काय?"

तिने चिठ्ठी पाहिली, मग माझ्याकडे. "मनगट. मागच्या उन्हायात विहिरीवर दोर सुटला तवापासून. मूठ फिरवली का कळ येते. धागा जोडाले काई होत नाई."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं ना," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात, तेच जास्त लागलं. "तुमी लिहून घेतलं होतं."

मी पिशवीतून वही काढली. माझंच अक्षर. 'उजवीकडून मूठ जड जाते.' चार दिवसांनी, 'अजून जड. थोडी डावीकडे घ्यावी.' मग, 'डावीकडे पूर्ण नेली. आता तक्रार नाही.' त्याच्याखाली मी खुशीत रेघ मारली होती; सिद्धांत त्यानंतर सुचला. वर्षभर ती मला हात दाखवत होती आणि मी चरखा तपासत होतो. इतकी लाज मला मांडवातही वाटली नव्हती.

मी मूठ काढायला पाना घेतला तर ती म्हणाली, "राहू द्या. मले बरी पडते."

पाना खाली ठेवला. वहीत एक कोरं पान शोधलं आणि त्यावर चरख्याविषयी नसलेली पहिली ओळ लिहिली, 'तिचं उजवं मनगट दुखतं.' मग तिच्या हातातलं सूप घेतलं आणि उरलेली तूर पाखडली. वाईट पाखडली. तिने ती पुन्हा पाखडायला घेण्याआधी मी बैलगाडीवाल्याला हाक मारली, आणि आम्ही दोघं तसेच सेलूच्या दवाखान्यात गेलो.