खंडेनवमीचा विसावा

सर्व सुजाण नागरिकांस कळविण्यास अत्यंत दुःख होते, की आमच्या सांगलीच्या घरी, देवघराशेजारच्या टेबलावर, रुपयाएवढ्या एका जस्ताच्या सेलचे ऐन खंडेनवमीला निधन झाले. त्याच्या मागे एक प्राध्यापक आणि त्याची अर्धवट पीएचडी असा परिवार आहे.

तो प्राध्यापक मी. वय पन्नाशीचं, केस बेताचे. जस्ताच्या बॅटरीचं दुखणं असं, की चार्ज करताना जस्त पत्र्यावर सपाट बसत नाही, सुयांसारखं वाढतं. सुया मधला पडदा भोसकतात आणि सेल खलास. आतल्या पाण्याच्या द्रावणात काहीबाही मिसळून सुया थोपवायच्या, एवढंच माझं संशोधन. मी मिसळत होतो, सेल मरत होते. मार्गदर्शकांनी दिवाळीपर्यंत शेवटची मुदत दिली होती. नंतर नोंदणी रद्द.

आणि हा एक सेल, पठ्ठ्या मरेना! कॉलेजात वीज सारखी जाते, म्हणून त्याला चार्ज-डिस्चार्ज करणारं यंत्र मी घरी इन्व्हर्टरवर आणून ठेवलं होतं. सकाळी आधी त्याचं दर्शन, मग चहा.

नवमीला औंधाकडच्या गावाहून आई आली. मी झेंडू आणायला बाजारात गेलो. परत येतो तर विळा, विळी आणि शिलाई मशीनच्या रांगेत माझं यंत्र. पुसलेलं, हळद-कुंकू लावलेलं. आणि बंद.

"अगं आई, हे बंद का केलंस?"

"नवमीला हत्यार चालवत्यात व्हय रं? वरीसभर राबतंय बिचारं. इसावा घिऊ दे की."

दसरा उजाडेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही, असा हुकूम सुटला. एका दिवसानं काय होतंय, म्हणून मीही यंत्रापुढं फोडलेल्या नारळाचं खोबरं चघळत बसलो.

सकाळी पाहिलं तर सेल फुगलेला. चार्ज झालेला सेल नुसता पडून राहिला, की पाणी जस्ताला खातं, आत गॅस धरतो. मी सुयांवर औषध शोधलं होतं, विसाव्यावर नाही. आणि लोकांच्या घरी बॅटरी बहुतेक वेळ नुसती पडूनच तर असते! दिवाळीआधी नवं द्रावण जमवून तपासणं अशक्य होतं. मार्गदर्शकांना फोन केला. ते "असो" म्हणाले आणि फोन ठेवला.

मी तो टम्म फुगलेला सेल आईच्या तळहातावर ठेवला. आता पीएचडी होत नाही, म्हणालो. तिनं तो उलटासुलटा करून पाहिला, आणि एकदम म्हणाली,

"आरं, पण नारळ तर लय गोड निघाला हुता!"