नाक्यावर मी ‘स्टाफ’ म्हणालो नाही

दिल्लीत पोलिसवाल्यांचा एक शब्द चालतो, ‘स्टाफ’, म्हणजे मी खात्यातलाच. बसमध्ये कंडक्टर आला, नाक्यावर गाडी अडवली, की तेवढंच म्हणायचं. समोरचा बाजूला होतो. शिपाई होतो तेव्हा वीस वर्षं मीही तो वापरला, खोटं कशाला बोलू?

दहावीवर शाळा सोडून साताऱ्याकडून इथे भरती झालो होतो. वीस वर्षं भरली तशी नोकरी सोडली आणि ट्रक शिकलो. पानिपतच्या एका म्हाताऱ्या सरदारजींनी शिकवला. त्यांना मी उस्ताद म्हणतो. गिअर चुकला की मनगटावर चापट मारायचे आणि जेवताना स्वतःच्या डब्यातली अर्धी रोटी माझ्यापुढे सरकवायचे. हे उपकार फिटायचे नाहीत. त्यांच्या मालकाकडे त्यांनीच मला लावलं. मला वाटलं, माझं ड्रायव्हिंग बघून घेतलं.

महिन्याभराने हमाल माझ्या ट्रकमध्ये सुताच्या गाठी भरत होते. थरावर थर, दोरखंड तटतटायला लागले तरी थांबेनात. मी म्हटलं, “सेठजी, ओव्हरलोड है. ब्रेक नहीं पकड़ेगी.”

मालक हसला. “अरे दीवानजी, तुम्हें रखा किसलिए है? नाके पे बोल देना, स्टाफ.”

दीवानजी! इकडे हवालदाराला म्हणतात तसं. तळपायाची आग मस्तकात गेली, पण उस्तादांना शेजारी बसवून गाडी काढली. नोकरीची भीती होती.

फ्लायओव्हरच्या उतारावर ब्रेक दाबला, तर गाडी सरकतच राहिली. पुढे ई-रिक्षा, मागच्या सीटवर दप्तरं घेतलेली तीन पोरं. हातभर अंतर राहिलं तेव्हा थांबली. शेजारी उस्ताद देवाचं नाव घेत होते.

दोनच किलोमीटरवर नाका. शिपायाने दारावर दंडुका आपटला. “ओए, नीचे उतर! कितना भरा है?”

उस्ताद हळूच म्हणाले, “बोल दे पुत्तर. एक ही तो लफ़्ज़ है.”

मला मालकाचा राग आला, उस्तादांचा आला आणि त्या ‘ओए’चा तर फारच आला. वीस वर्षं मीच तो ओरडत होतो.

“ड्रायव्हर हूँ जी,” म्हटलं. “ओव्हरलोड है. वज़न कर लो.”

काट्यावर वजन झालं, दंडाचं चलान फाटलं, जास्तीच्या गाठी तिथेच उतरवल्या. संध्याकाळी मालकाने माझ्याकडून चावी काढून घेतली. “फिर तेरा फ़ायदा क्या?” एवढंच विचारलं त्याने.

घरी बायकोला फोन करायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर उस्तादांनी दुसऱ्या एका ट्रान्सपोर्टवाल्याला फोन लावला. “बंदा सच्चा है जी. पहले पुलिस में...”

मी फोन हिसकावून घेतला. उस्तादांच्या हातातून!

“पहले ट्रायल लो,” मी जवळजवळ ओरडलोच. “गाड़ी चलवाके देखो. बाकी मत पूछो.”

पलीकडून आवाज आला, “कौन सी गाड़ी चलाई है?”

मी सांगायला लागलो.