समोरच्या घरातली जहाजं

आमच्या समोर राहणारे काका लाकडी जहाजं बनवतात. नागपुरात! समुद्र त्यांनी पाहिलेला नाही आणि पाहायची घाईही नाही. "तिकडची हवा दमट राह्यते गा. लाकूड फुगते. जहाजाले नागपूरच बरं," असं ते मला गंभीरपणे सांगतात आणि बोलता बोलता शिडांवरची धूळ फुंकरीने उडवतात. जहाजांना हात लावायची कोणालाच परवानगी नाही. काकूसुद्धा झाडताना त्या कपाटाला वळसा घालून जातात.

यंदा तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलं लाकडी बैल मिरवतात त्या दिवशी, ऐन निघायच्या वेळी माझ्या मुलीच्या लाकडी बैलाच्या चाकांमधली दांडी मोडली. ती फाटकातच बसून भोकाड पसरायला लागली. समोरून काका आले.

"रडून काहून राह्यली वं?"

मोडकी दांडी बोटांत फिरवत ते घरात गेले आणि एक गुळगुळीत गोल दांडी घेऊन आले. कानशीने टोकं घासून त्यांनी चाकं बसवली. मुलगी दोरी ओढत पळाली, मागोमाग बैलही.

कानस परत ठेवायला मी त्यांच्या घरात गेलो, तर कपाटातलं सगळ्यात मोठं जहाज डोलकाठीवाचून बोडकं उभं होतं. शिडं बाजूला घडी करून ठेवलेली.

मी धावत बाहेर आलो. "काका, हे काय केलं तुम्ही?"

काकांचं लक्षच नव्हतं. फाटकावर चढून ते गल्लीच्या टोकाकडे बघत ओरडत होते, "डावीकडून घे वं, डावीकडून! समोर खडक आहे!"

समोर स्पीडब्रेकर होता.