पहिला तांब्या मालकानं प्यायचा

मुरगूडचा आकाराम खडक फोडायला शिकला तो गुजरातेत, गॅसच्या विहिरींवर. खोल जमिनीत पाणी असं दाबायचं की खडकाला भेगा पडाव्यात आणि कोंडलेला गॅस वर यावा. गॅस आला तशी तिथल्या पोरांना कामं लागली, डांबरी रस्ते झाले, आकारामच्या बापाच्या घरावर स्लॅब पडला. पण एका गावात हातपंपाचं पाणी वास मारायला लागलं. गॅसमुळं का आणखी कशानं, कुणी सांगेना. बायकांनी गॅस कंपनीच्या साहेबापुढं पेला धरला. साहेब म्हणाला, पाणी चांगलं आहे. स्वतः प्याला मात्र नाही.

गावी परतल्यावर आकाराम तीच विद्या आटलेल्या बोअरवर चालवू लागला. बोअरमध्ये रबरी बूच बसवायचं, त्याखाली पाणी दाबायचं, भेग उघडली की झरा सुरू. कैक गोठे त्यानं जगवले. पण साहेबाचा पेला डोक्यातनं जाईना. भेगेतनं घाण शेजारच्या पाण्यात जाऊ शकते, म्हणून त्यानं रीत घातली: काम झालं की शेजारच्या विहिरीचा पहिला तांब्या बोअरच्या मालकानं प्यायचा, दुसरा आपण.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात अण्णासोंनी त्याला बोलावलं. त्यांची बोअर आटून दोन वर्षं झालेली, दावणीला म्हशी हंबरत होत्या. बांधापलीकडं बुद्धभूषणची विहीर. तो आकारामचा शाळेतला दोस्त. बौद्धवाड्यातली निम्मी घरं त्याच विहिरीवर पाणी भरत.

"अण्णासो, ह्या बोअरमदी काय सोडलंय का कवा?"

"काय सोडायचंय? कोरडं भोक त्ये."

"मग काम झाल्यावर त्या हिरीचा पयला तांब्या तुमचा."

अण्णासोंनी मान फिरवली. "म्या न्हाय पिणार तितलं."

आकारामच्या मस्तकात तिडीक गेली. "अजून इटाळ पाळताय व्हय? दूध डेअरीत एकाच कॅनात ओतताय की सगळ्यांचं."

अण्णासो म्हशींकडं वळले. एरवी आकाराम दोरीला डबा बांधून तळाचा गाळ काढून हुंगायचा. आज रागाच्या भरात ते राहिलं. त्यानं बूच बसवलं आणि इंजिनाला हँडल मारलं.

मीटरचा काटा चढू लागला. पाईप थरथरले. बांधावर बुद्धभूषण हाताची घडी घालून उभा. काटा चढतच होता. एवढ्यात गोठ्यातनं अण्णासोंची बायको शालूबाई शेणाच्या हातानंच पळत आली.

"बंद कर त्ये, आकाराम. ह्यांस्नी इटाळ न्हाय, भ्याव हाय. बोअर आटल्यापासनं गोठ्याचं शेणमूत ह्यातच सोडतोय आमी."

आकारामनं इंजिन बंद केलं, पण तेवढ्यात काटा सपकन खाली आला होता. खडक फुटला होता. एरवी ह्या काट्याला लोक गुलाल उधळायचे.

आकाराम, अण्णासो आणि बुद्धभूषण विहिरीवर गेले. बुद्धभूषणनं पोहरा सोडला, तांब्या भरून आकारामपुढं धरला. पाणी नितळ होतं. वासही नव्हता.

"पी की. तुजीच रीत हाय न्हवं?"

आकारामनं तांब्या घेतला. तोंडाजवळ नेला आणि तसाच खाली आणला.

"न्हाय पिवत."

"मग त्यास्नी मगाशी कशाला बोललास? तू तर आमच्या घरातल्यावानी."

आकारामनं तांब्या पालथा केला. "ही हीर कुणी भरायची न्हाय. वाड्यात सांग जा."

"आन् प्याचं काय? तुजं इंजिन प्याचं व्हय?"

"माजा कामाचा टँकर धुऊन वाड्याच्या तोंडाशी लावतो. पाणी अण्णासो आणतील."

अण्णासोंनी हो म्हणून मान हलवली. आकारामनं तेच इंजिन विहिरीवर लावून तिचा तळ उपसला. बोअर उपसली तेव्हा आधी हिरवं आलं, मग काळं, लई वेळानं पांढरं. पाणी चिक्कार लागलं होतं. त्या पाण्यावर म्हशी जगल्या. विहीर मात्र पाऊसकाळ सरेपर्यंत बंद राहिली, आणि तोवर बुद्धभूषण आकारामशी कामापुरतंच बोलला.

आकाराम अजून बोअर फोडतो. तांब्याची रीत त्यानं मोडलेली नाही. पण आता मालकाला काही विचारत नाही. आधी गोठ्यात जातो, शेण काढणाऱ्या बाईपुढं उकिडवा बसतो आणि म्हणतो, "वयनी, त्या भोकात काय काय ओतलंय तेवढं सांगा. मग गाडीतनं इंजिन उतरवतो."