एस्तेरबाईंनी उचललेली पहिली ओळ

विश्रांतवाडीत राहायला आलो त्या पहिल्याच रविवारी मी मोठ्या हौसेने आमच्या चर्चच्या गायनमंडळात उभा राहिलो. गीत संपताच एस्तेरबाईंनी विचारले, "अहो, आपण गात होतात की रिक्षा थांबवत होतात?" आमची ओळख झाली ती अशी. पुढे याच बाईंनी शाळेत दिवसभर शिकवून दमून आल्यावरही मला घरी बसवून सूर शिकवला, वर चहा-पोहे दिले. कौतुकाचा शब्द मात्र कधी काढला नाही.

ईस्टरच्या पहाटे आमच्याकडे पेटीशिवाय एक जण गीताची पहिली ओळ उचलतो आणि मग सगळी मंडळी गाते. तो मान कितीतरी वर्षे बाईंचा होता. त्यांनाच घशाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेनंतर आवाज परत येईल की नाही, डॉक्टरही सांगेनात. आम्ही भेटायला जायचो, "देवाची इच्छा" म्हणायचो आणि लांबलचक प्रार्थना करायचो. एकदा बाईंनी पाटीवर लिहिले, "आता जरा देवालाही बोलू द्या." आम्ही मुकाट्याने उठलो.

गुड फ्रायडेला वधस्तंभावरचे ख्रिस्ताचे सात उद्गार आमच्यातले सात जण वाटून घेतात व त्यांवर बोलतात. देवाने आपल्याला का सोडले, असे विचारणारा चौथा उद्गार सहसा कुणाला नको असतो. त्या वर्षी बाईंनी तो मागून घेतला. जेमतेम उमटणाऱ्या घोगऱ्या आवाजात त्या म्हणाल्या, "मीही देवाला जाब विचारला. उत्तर अजून आलेलं नाही. पण जाब आपल्या माणसाला विचारतात, परक्याला नाही. मी त्याला सोडलेलं नाही." दुःखाचे कारण कळले नाही तरी विश्वास टिकतो, हे मी इतकी वर्षे प्रवचनांत ऐकत होतो. त्या दिवशी ते पटले.

ईस्टरला पहिली ओळ मी उचलायची, असे ठरले होते. मी श्वास घेतला आणि माझ्याआधी बाईंचा सूर लागला. फाटका, नेहमीपेक्षा कितीतरी खालचा. आम्ही क्षणभर गडबडलो. मग अख्खी मंडळी त्यांच्या पट्टीत उतरली आणि रडत रडत, छाती भरून गायली. मरण हरल्याचे गीत इतके खरे वाटलेले मला आठवत नाही. उपासनेनंतर मी डोळे पुसत त्यांच्यापाशी गेलो, तर म्हणाल्या, "आजही ताल सोडलात आपण."

बाई आता पंचाहत्तरीच्या झाल्या. ते गीत आम्ही अजून त्याच खालच्या पट्टीत गातो. प्रभू त्यांना उदंड, निरोगी आयुष्य देवो. येत्या ईस्टरलाही पहिली ओळ बाईंनीच उचलावी. त्या जिथून उचलतील, तिथून आम्ही गाऊ.