केतुत साद्राची चाल

आमच्या बालीत गाणं बांधणारा आपलं नाव मिरवत नाही. केतुत साद्रानेही कधी मिरवलं नाही, तरी त्याचं नाक ठेचलंच.

माझं कॉफीचं दुकान वस्तीच्या सभामंडपासमोर. केतुत तिथे पोरांना गांगसा शिकवायचा. काशाच्या चार पट्ट्या, त्यांच्या पलीकडे बसून तो उलट्या बाजूने वाजवी आणि शिकणाऱ्याने त्याच्या हातोडीमागे आपली हातोडी पळवायची. "विचार करू नकोस रे, हाताला करू दे," असं ओरडायचा. चाल नेहमी दोघांत वाटलेली. एक ठोका धरतो, दुसरा मधल्या फटी भरतो. एकट्याचं ऐकाल तर कोणी भांडी घासतंय असं वाटेल. फटी केतुतच्या, ठोका मादे सुक्राचा. दोघं लहानपणापासूनचे जोडीदार.

उत्सवासाठी केतुतने नवी चाल बांधली आणि बायकोच्या माहेरच्या वस्तीलाही शिकवून आला. "पाणी वरच्या शेतातून खालच्या शेतात जातंच ना!" भोळाच तो. त्यांचा उत्सव आधी झाला. मग आमची मंडळी देवळात बसली आणि पहिल्याच फेरीला पाहुणे हसले, "अरे, ही तर त्यांची चाल!"

दुसऱ्या दिवशी बैठक भरली आणि केतुत वाळीत पडला. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या दारात जायचं नाही. हात वर करणाऱ्यांत मादे सुक्राही होता.

पावसाळ्यानंतर केतुतची आई गेली. वस्तीच्या खांद्यांवाचून आमच्याकडे मढं हलत नाही. घरात वास सुटला तेव्हा केतुत मंडपाखाली मातीत येऊन बसला.

"मसण आमचं, खांदे आमचे, वाद्यं आमची," प्रमुख न्योमान दांगिन म्हणाला. "तुझं काय आहे रे?"

"आई आहे, दादा."

"ती तर गेली!"

सगळ्यांनी दात काढले. माणसं नव्हेत, कोल्हे.

शेवटी दांगिनने अट घातली. चाल वस्तीने बांधली आणि आपण ती चोरून विकली, असं केतुतने चारचौघांत म्हणायचं. पैसा त्याने घेतलाच नव्हता. तरी हात जोडून त्याने शब्द न् शब्द म्हटला.

"आता म्हातारीला त्याच चालीवर नेऊ," दांगिन म्हणाला. "तू मात्र वाजवायचं नाहीस. गोंग उचल."

केतुतच्या जागी दांगिनचा भाचा वाजवत होता. फटी चुकवत होता, आणि मादे सुक्रा त्याला सांभाळायला आपला ठोका सरकवत होता. चाल लंगडत चालली. केतुतच्या खांद्यावर गोंग टांगलेला बांबू होता. त्याची बोटं त्या बांबूवर बरोबर जागी पडत होती. मी शेजारून चालले होते, मला दिसत होतं.

आमच्याकडे दहनाचा दिवस येईपर्यंत मढं मसणात पुरून ठेवतात. त्या खड्ड्यापाशी भाच्याने हसत विचारलं, "काय गुरुजी, बसली का चाल?"

सगळे थांबले. तिरडी अजून खांद्यावरच होती. केतुतने आईकडे पाहिलं.

"बसली," तो म्हणाला. "अशीच शिकव पुढच्यांना."

तशीच शिकवतात. केतुतला आता वाळीतून काढलंय, गांगसावर बसूही देतात. त्याचा हात जुन्या जागी जातो आणि कालची पोरं खेकसतात, "म्हाताऱ्या, चुकतोयस!"

"हो रे बाबा," म्हणतो, आणि मान खाली घालून त्यांच्याकडून चूक शिकतो.